मेंढरांवर कुत्री पडली तर: पहिला तास, पहिली रात्र आणि पुढचे पंधरा दिवस

कुत्र्यांनी जागेवर मारलेली मेंढरं डोळ्यांना दिसतात. कळपाचं मोठं नुकसान मात्र पुढच्या तीन-चार दिवसांत होतं. हल्ल्यानंतर उठून चरायला लागलेली मेंढी तिसऱ्या दिवशी मान टाकते आणि घरातले म्हणतात, "हिला तर काहीच झालं नव्हतं." झालेलं असतं, लोकरीखाली दिसत नाही एवढंच. कुत्र्याचा सुळा कातडीला बारीक भोक पाडतो. पण तोंडात धरून झटके दिल्यामुळे आतली कातडी मांसापासून सुटते, मांस चेचतं आणि त्या पोकळीत लाळ, माती, लोकर जाऊन बसते. वरचं भोक थोड्याच वेळात चिकटतं. आत हवा पोचत नाही आणि सडवणाऱ्या जंतूंना नेमकी अशीच जागा लागते. म्हणून निम्मं काम हाताने चाचपण्याचं आणि धुण्याचं आहे.

हे दहा ते पन्नास मेंढरं बाळगणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या फिरत्या वाड्यावर राखणीची कुत्री असतात, रात्री कुणीतरी जागं असतं. सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, माढा, अक्कलकोटकडे घरामागे पत्र्याच्या आडोशाला असलेल्या पंधरा-वीस मेंढरांना यातलं काहीच नसतं, आणि कुत्र्यांना ते बरोबर कळतं.

आधी कुत्री, मग कळप

काठी, बॅटरी, पत्र्याचा डबा घेऊन आरडाओरडा करत जा, शक्यतो दोघं. कुत्र्याने मेंढी धरलेली असेल तर मेंढीला ओढू नका. ओढलं की लचका तुटतो. कुत्र्याच्या तोंडावर बादलीभर पाणी मारा किंवा घोंगडी टाका, पकड सुटते. मोकळ्या हाताने मध्ये पडणाऱ्यालाच हमखास चावा बसतो. पळता पळता कुत्र्यांचे मोबाइलवर दोन फोटो निघाले तर काढा. गळ्यात पट्टा आहे का, कुत्रं लाळ गाळत, झोकांड्या खात होतं का, दिसेल त्याला चावत होतं का, हे लक्षात ठेवा. डॉक्टर पुढे हेच विचारणार आहेत.

मग लगेच कोपरे बघा. घाबरलेली मेंढरं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. अंगावर एक दात नसलेली मेलेली मेंढरं सापडतात ती अशी. वरची बाजूला करत ढीग मोकळा करा, खालच्याला पोटावर सरळ बसवा.

उरलेल्यांच्या मागे धावू नका. रोजची हाळी द्या, बादलीत भरडा खळखळवा; मेंढरं एकत्र आली की मोजा. आकडा जुळला नाही तर आधी कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी बघा. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून मेंढीला वर चढता येत नाही, ती दमून बुडते. त्यानंतर ज्वारीची रानं. मालदांडीची कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे यांत सायनाइडचं विष असतं, आणि रात्रभर तिथे राहिलेली उपाशी मेंढी पोटभर खाते. धापा, थरथर, झोकांडी दिसली तर डॉक्टरांना फोनवरच "ज्वारी खाल्ली असावी" असं सांगा, म्हणजे ते त्यावरचं इंजेक्शन घेऊनच निघतील. अंधारात वाट चुकलेली मेंढी धान्याच्या राशीवरही सापडते. तिला त्या दिवशी खुराक द्यायचा नाही आणि पोट फुगतंय का ते बघत राहायचं.

फोन कोणाला

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा 1962 या क्रमांकावरचं फिरतं पथक. फोनवर तीनच गोष्टी सांगा: किती जखमी, त्यातली किती उठत नाहीत, गाभण किती. डॉक्टर येईपर्यंतचा वेळ तुमच्या हातात असतो आणि त्यात बरंच करता येतं.

तीन वाटण्या

गेरू किंवा खुणेचा रंग घ्या आणि पाठीवर खूण करत चला. रक्त उसळतंय, गळा फाटलाय, पोट उघडं पडलंय, धाप लागलीय किंवा उठता येत नाही, ती पहिल्या वाटणीत. उभी आहे पण जखम दिसते ती दुसऱ्या. जिला "काही नाही" ती तिसऱ्या. तिसऱ्या वाटणीतलं एकही मेंढरू न तपासता कळपात सोडायचं नाही.

रक्त थांबवायला स्वच्छ फडकं घडी करून दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. मध्ये उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. पायाला दोरी आवळणं हा शेवटचा उपाय. विसरून राहिली तर पाय जातो. आतडी बाहेर आली असतील तर आत ढकलू नका; उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं झाकून वरून सैल बांधा. छातीच्या भोकातून हवेचा सुसकारा येत असेल तर तिथे पाणी अजिबात घालायचं नाही. स्वच्छ प्लास्टिकवर मलम लावून ते भोकावर दाबून धरा. मानेच्या कातडीवर बोट दाबल्यावर चुरचुर आवाज आला तर श्वासनळीला दात लागलाय. ही मेंढी सगळ्यात आधी डॉक्टरांसमोर.

मेंढी धक्क्यात (शॉकमध्ये) आहे का हे हिरडीवरून कळतं: अंगठ्याने दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. दख्खनी मेंढरांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात. तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पांढरट दिसली तर रक्त बरंच गेलंय. ताप बघायचा तर थर्मामीटर गुदद्वारात एक मिनिट. 102 ते 103.5 फॅरनहाइट ठीक. 100 च्या खाली गेलं तर धक्का बसलाय: गोणपाट किंवा घोंगडी पांघरा, सावलीत कोरड्या जागी पोटावर बसवून दोन्ही बाजूंनी पेंढी लावा. कुशीवर पडलेली मेंढी फुगते. पाठलागात पळून 105 पर्यंत चढलेली असेल तर उलट करा, सावलीत पाय आणि पोटाखालची बाजू साध्या पाण्याने भिजवा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात जखमी मेंढी भर दुपारी टेम्पोत घालून नेणं म्हणजे तिला वाटेतच गमावणं.

पडलेल्या मेंढीला बाटलीने पाणी पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. आपणहून उभी राहून तोंड लावेल तेव्हा लिटरभर पाण्यात मूठभर गूळ आणि चिमूटभर मीठ टाकून पुढे ठेवा.

चाचपणं आणि धुणं

हातमोजे घाला. नसतील तर दुधाच्या रिकाम्या पिशव्या हातावर बांधा. हाताला चीर असेल आणि त्यावर कुत्र्याची लाळ लागली, तर तोही चावाच धरला जातो.

एकाने मेंढी दोन पायांत धरायची, दुसऱ्याने लोकर उलटी करत डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटांनी चालायचं. कुत्रं मागून धरतं, म्हणून मांड्या, शेपटीचा बुडखा, कास, वृषण ही पहिली ठिकाणं; मग कुशी, गळा, जबडा, कान. ओलसर, चिकट, गरम किंवा फुगलेली जागा लागली की थांबा. सुळ्यांची भोकं सहसा जोडीने असतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दोन दिसली तर आतल्या बाजूची दोन शोधा. जबडा दोन्हीकडून मिटलेला असतो. सापडत नाहीत म्हणजे नाहीत असं नाही, लोकर चिकटून झाकली गेली असतील.

लोकर कातरण्याआधी भोकावर मिठाच्या पाण्यात भिजवलेली गॉजची घडी ठेवा, नाहीतर कातरलेले केस सगळे आत. भोकाभोवती चार बोटं जागा मोकळी होईपर्यंत कातरा. हे करायचा कंटाळा येतो, वीस मेंढरं असली की जास्तच. पण न कातरलेल्या जखमेवर मारलेला स्प्रे लोकरीला लागतो, जखमेला नाही.

आता साबण. कपड्याचा किंवा अंगाचा, कोणताही. नळाखाली किंवा तांब्याने सतत पाणी ओतत पंधरा मिनिटं फेस करून धुवा. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, आणि या पंधरा मिनिटांची जागा कोणतंही इंजेक्शन घेत नाही. नंतर मिठाचं पाणी: उकळून गार केलेल्या एका लिटरला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. 20 मिलीच्या सिरिंजची सुई काढून भोकात पिचकारी मारा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. खोल जखमेला अर्धा-एक लिटर सहज लागतं. पिचकारी मारताना आजूबाजूची कातडी फुगायला लागली तर थांबा, पाणी पोकळीत साठतंय. ती जागा डॉक्टर खालच्या बाजूने उघडून देतील.

शेवटी पोव्हिडोन आयोडीन पातळ करून. बाटली 10 टक्क्यांची असेल तर लिटरला 10 मिली, 5 टक्क्यांची असेल तर 20 मिली. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा यायला हवा. गडद केलं तर जंतूंबरोबर जिवंत मांसही जळतं आणि जखम भरायला वेळ लागतो.

चुना, तिखट, राख, हळद-तेल, बॅटरीतली काळी पूड यातलं काहीही भरायचं नाही. तिखट-चुन्याने रेबीज जातो हा समज आपल्याकडे अजून आहे. त्याने फक्त जखम भाजते आणि धुणं राहून जातं. जखम शिवून घ्यायचा आग्रहही धरू नका. चाव्याची जखम शिवली की घाण आत कोंडते. पोट किंवा मोठा लोंबता लचका सोडला तर डॉक्टर ती उघडीच ठेवतात, आणि ते बरोबर आहे.

घरात एका डब्यात हे असू द्या: कात्री, 20 मिलीच्या चार सिरिंजा, गॉज, रुंद पट्टी, पोव्हिडोन आयोडीन, थर्मामीटर, चिमटा, हातमोजे, माश्या बसू न देणारा जखमेचा स्प्रे. रेबीजची लस या डब्यात नको, तिला 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. आणायला जाताना बर्फाचा थर्मास घेऊन जा.

रेबीज

चावणारं कुत्रं भटकं असेल तर ते पिसाळलेलं होतं असंच धरून चाला. कातडी फुटलेल्या प्रत्येक मेंढीला लस: पहिला दिवस 0 धरून 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. मात्रा आणि जागा डॉक्टर ठरवतील. वीस मेंढरांतली नेमकी कोणती हे तिसऱ्या दिवसापर्यंत विसरायला होतं, म्हणून कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि पाच तारखा वहीत लिहा. कुत्रं ओळखीचं, लस दिलेलं आणि बांधून ठेवलेलं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर सांगतात. पण पहिला डोस त्याची वाट बघत थांबवायचा नाही. चावणारं कुत्रं मारून टाकलं तर हा पुरावाच जातो.

माणसाला चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेला लाळ लागली असेल तर तोच पंधरा मिनिटांचा साबण आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय किंवा सोलापूरचं सिव्हिल. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं; तिथे ते विचारून घ्या.

कुत्रं चावलेल्या मेंढीचं दूध कच्चं पिऊ नये, ती कापून मांस वाटू नये. पुढचे तीन-चार महिने लक्ष असू द्या: विनाकारण सतत ओरडणं, लाळ, स्वतःची लोकर किंवा जुनी जखम चावणं, दुसऱ्यांवर चढणं, मागचे पाय लुळे पडणं. असं दिसलं की तोंडात हात घालून "घशात काय अडकलंय" बघायला जायचं नाही. वेगळं बांधून डॉक्टर.

औषधं आणि पुढचे दिवस

डॉक्टर साधारणपणे प्रतिजैविक, दुखणं-सूज कमी करणारं मेलोक्सिकॅम आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. प्रतिजैविकाचा कोर्स मेंढी खायला लागली म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करू नका. दुकानातून आपल्या मनाने डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध आणू नका: 2006 पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात.

तिसरा आणि पाचवा दिवस नाजूक. सकाळी खायला सोडण्याआधी प्रत्येक जखमेला नाक लावा. गोडसर कुजका वास, कातडी निळसर-काळी आणि थंड, दाबल्यावर चुरचुर, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. आठव्या-दहाव्या दिवशी मोठा कातडीचा तुकडा वाळून सुटला तर घाबरू नका. खाली लाल, ओलं, दाणेदार मांस दिसत असेल तर जखम भरतेय.

पावसाळ्यात माशी चोवीस तासांत अळ्या पाडते. अळ्या दिसल्या तर गॉजचा बोळा टर्पेंटाइन तेलात भिजवून काही मिनिटं जखमेच्या तोंडाशी धरा, वर आलेल्या अळ्या चिमट्याने एकेक काढा, मग मिठाच्या पाण्याने धुवा. तेल जखमेत ओतून ठेवलं तर मांस जळतं, आणि मेलेल्या अळ्या आतच सडतात. दुसऱ्या दिवशी परत बघा. एका फेरीत सगळ्या कधीच निघत नाहीत.

गाभण मेंढ्या दोन आठवडे जड जातात. अंगावर ओरखडा नसला तरी पळापळीने गाभ पडतो. त्यांना रोज एकाच वेळी, एकाच माणसाने, जवळच चारावं. खुराक तोडू नये, कारण शेवटच्या महिन्यात उपाशी राहिलेली गाभण मेंढी वेगळ्याच आजाराने बसते. पडलेला गाभ उघड्या हाताने उचलू नका.

मेंढा गेला असेल आणि नवा आणायचा असेल (सांगोला तालुक्यातल्या महूदला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथे चौकशी करता येते) तर तो आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा.

पंचनामा: मेलेलं मेंढरू हलवण्याआधी

आधी ठरवायचं, कुत्रं की जंगली जनावर. कुत्र्यांच्या हल्ल्यात जखमी पुष्कळ, खाल्लेलं थोडं. चावे अंगभर, मागच्या भागावर जास्त. लोकरीचे पुंजके लांबवर विखुरलेले. लांडगा एखादंच धरतो, गळ्याशी, आणि ओढून नेतो; कोकरू तर अख्खं उचलतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे आणि त्या पट्ट्यात ही शक्यता खरीच असते. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्या-लांडग्याच्या ठशात उमटतात. ठशाशेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि त्यावर घमेलं पालथं घाला.

लांडगा, तरस, बिबट्या असेल तर वनखात्याकडे भरपाई मागता येते: 1926 वर किंवा वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा, पंचनामा होईपर्यंत मेंढरू जागेवरून हलवू नका. भटक्या कुत्र्यांनी मारलेल्याला वनखातं भरपाई देत नाही. तिथे आधार विम्याचा. राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विम्यात 2024 च्या निर्णयानुसार पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या 15 टक्के आहे. दाव्याला शवविच्छेदनाचा दाखला आणि कानातला बिल्ला दोन्ही लागतात. कुत्री कान तोडतात आणि बिल्ला मातीत पडतो. तो तुकडा शोधा, बिल्ल्यासकट पिशवीत ठेवा.

पाळीव कुत्रं असेल तर पोलीस पाटील किंवा सरपंचांसमोर पंचनामा, डॉक्टरांचा दाखला आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. भटक्यांसाठी ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या: पशु जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. राग कितीही आला तरी विष घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावर मारण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय ते विष राखणीचं कुत्रं खातं, लांडगा खातो, आणि मग वन्यजीव कायदाही लागतो.

पंचनाम्यानंतर मेंढरू विहीर-ओढ्यापासून लांब, सहा फूट खड्ड्यात, वर-खाली चुना टाकून पुरा. माळावर किंवा ओढ्यात फेकलेलं मेंढरू म्हणजे त्याच कुत्र्यांना दुसऱ्या जेवणाचं आवतण.

कुत्री परत येतात

बहुतेक वेळा दोन-तीन रात्रींत, त्याच वाटेने. पहिल्या रात्री कळप घरात, शाळेच्या जुन्या खोलीत, कुठेही चार भिंतींत न्या. उघड्यावरच ठेवायचा असेल तर माणूस जागा हवा, आणि धोक्याची वेळ पहाटेची.

वाघूर (मेंढरं कोंडायची दोरीची जाळी) मेंढरांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. ते जाळीखालून शिरतं. जाळीच्या बाहेरून वेड्या बाभळीच्या फांद्यांचं कुंपण करा, बुंधे आत आणि काटे बाहेर, कंबरेएवढं उंच. कायमचं करायचं तर पाच फूट तारेची जाळी, खालचा एक फूट जमिनीत पुरलेला. जाळी गाडली नाही तर पावसाळ्यात माती मऊ झाली की कुत्रं उकरून आत येतं. फाटकाखालची फट हाताच्या चार बोटांपेक्षा जास्त नको. कोपरे तिरके बांधून गोल करा, म्हणजे पळापळीत मेंढरं एका कोपऱ्यात कोंडणार नाहीत. मेंढ्या रानात गेल्यावर मागे राहणारी कोकरं हा सगळ्यात सोपा घास. त्यांच्या खणाला वरूनही जाळी हवी.

गावातलं चिकनच्या दुकानाचं टाकाऊ कुठे पडतं ते बघा. कुत्र्यांच्या टोळ्या तिथे पोसतात, आणि दुकान बंद असल्या दिवशी गोठ्याकडे वळतात. ती जागा बदलून घेणं एकट्याने होत नाही. ग्रामसभेत शेजारच्या चार मेंढपाळांच्या सह्या घेऊन विषय मांडावा लागतो. राखणीला कुत्रं पाळणार असाल तर ते पिल्लू असतानाच कोकरांत वाढवा, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या, मग दरवर्षी, आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला. टोळीशी भिडताना त्याचाच गळा आधी धरला जातो.